वॉर थंडर: ‘गेमच पक्षपाती आहे’ म्हणण्याआधी या चुका टाळा

वॉर थंडर हा टँक-विमानांच्या लढायांचा ऑनलाइन गेम. रात्री अकराची मॅच. जर्मन टायगर टँक घेऊन तुम्ही गल्लीच्या कोपऱ्यावरून बाहेर येता, समोर रशियन टी-३४-८५. पहिला गोळा तुमचाच. ठण्ण असा आवाज होतो आणि समोरचा जागचा हलतही नाही. मग त्याचा गोळा येतो. तुम्ही कसे मेलात ते दाखवणाऱ्या किल कॅममध्ये ड्रायव्हर, गनर, लोडर एकामागोमाग विझतात आणि तुम्ही परत हँगरमध्ये, म्हणजे टँक ठेवायच्या जागी. डिस्कॉर्डवर कोणीतरी म्हणतंच, “रशियन बायस, दुसरं काय!” म्हणजे गेम रशियन टँकांना झुकतं माप देतो म्हणे.

हा गेम बनवणारी गायजिन ही कंपनी २००२ साली मॉस्कोत सुरू झाली. आता तिचं मुख्यालय बुडापेस्टला आहे, पण हा विनोद काही मेला नाही. मीही तो वर्षभर इमानेइतबारे मारला. नंतर एका रविवारी माझेच रिप्ले बघत बसलो आणि विनोद घशात अडकला. दहातल्या सात वेळा टायगर शत्रूसमोर नाकासमोर सरळ उभा होता.

टायगरच्या हलचं, म्हणजे धडाचं, पुढचं चिलखत साधारण १०० मिमी, बाजूचं ८० मिमी. सरळ उभे राहिलात तर १०० म्हणजे १००च, आणि ८५ मिमीची तोफ जवळून ते सहज फोडते. टँक ३० अंश तिरका केला की त्याच पत्र्यातून गोळ्याला सुमारे ११५ मिमी वाट काढावी लागते. ‘मग अजून वळवू की’ म्हणून ४५ अंशांवर गेलात तर पुढचं १४१ होतं खरं, पण आता बाजू उघडी पडते आणि तिथे जेमतेम ११३ उरतात. दोन्हीकडे सारखं, म्हणजे १२८च्या आसपास, मिळतं ते साधारण ३९ अंशांना. हा निव्वळ शाळेतल्या भूमितीचा हिशेब आहे. गोळ्याच्या प्रकारानुसार गेममध्ये आकडा मागेपुढे होतो. शिवाय चाकांमागचा खालचा पत्रा ६० मिमीचाच आहे, म्हणून तो ढिगाऱ्यामागे लपवायचा. आणि हल कितीही वळवला तरी टरेट, म्हणजे वरचा तोफेचा बुरूज, शत्रूकडेच तोंड करून असतो, त्याला या तिरकेपणाचा काडीचा उपयोग नाही.

हे तोंडपाठ करायची गरज नाही. हँगरमध्ये चिलखत तपासायची सोय आहे: समोरचा टँक निवडा, गोळा निवडा, अंतर ठरवा, आणि माउस फिरवत जा. हिरवं म्हणजे फुटेल, लाल म्हणजे विसरा. ज्या टँकने मारलं त्याला मॅच संपल्यावर इथे उभं करून पाच मिनिटं घालवली, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्या निम्म्या खऱ्या असू शकतात, त्यांच्याकडे येतो.

दुसरी चूक लाइनअपची, म्हणजे मॅचला नेण्यासाठी निवडलेल्या वाहनांच्या संचाची, आणि ती पक्षपातापेक्षा कितीतरी जास्त मॅचेस खाते. प्रत्येक वाहनाला बॅटल रेटिंग, म्हणजे बीआर, हा ताकदीचा आकडा असतो: १.०, १.३, १.७, २.० अशा पायऱ्यांनी चढणारा. मॅचमेकर साधारण १.०च्या फरकात माणसं गोळा करतो. रिअलिस्टिक ग्राउंड या मोडमध्ये तुमचा बीआर ठरतो तो लाइनअपमधल्या सगळ्यात वरच्या वाहनावरून. समजा चार टँक ५.७चे आहेत आणि ‘असू दे एक’ म्हणून पाचवा ६.३चा टाकला. आता तुमची सगळी लाइनअप ६.३ची झाली, आणि ७.३चे टँक समोर येऊ शकतात. ते चार बिचारे ५.७वाले तिथे काय करणार? वरच्यांच्या पंगतीत बसलो म्हणून ओरडायचं, आणि पान आपणच मांडलेलं! तो पाचवा काढा, नाहीतर ६.३चे आणखी दोन-तीन जमेपर्यंत थांबा.

पिंगबद्दल, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेबद्दल, थोडक्यात. ‘मी भिंतीआड गेलो होतो तरी मेलो’ हे वाक्य ऐकलं की मी आधी पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत गळणारा डेटा, विचारतो. गेममध्ये पिंग आणि पॅकेट लॉस दोन्ही दिसतात. पिंग एकसारखा असेल तर हाताला सवय होते, पण पॅकेट गळत असतील तर काही इलाज चालत नाही. वायफायऐवजी केबल लावा, आणि सर्व्हरची निवड ऑटोवर न सोडता सगळ्यात कमी पिंगवाला एकच ठेवून बघा. आमच्या घरी दोष शेवटी राउटरमागच्या चेपलेल्या वायरचा निघाला. कपाट सरकवताना मीच ती दाबली होती.

आणि हो, सेल लागला म्हणून वरच्या रँकचा प्रीमियम, म्हणजे पैसे मोजून मिळणारा, टँक घेऊ नका. नकाशे माहीत नाहीत, थर्मल, म्हणजे उष्णता दाखवणारी दुर्बीण, कशी वापरायची माहीत नाही, आणि पन्नास मॅच खेळून ‘पैसे भरूनही जिंकता येत नाही’ म्हणायचं. पैसे भरून हरता मात्र नक्की येतं.

आता खऱ्या बिघाडांकडे. लोक इथे सगळ्यात जास्त चुकतात ते चुकीचं दार ठोठावून. पैसे कापले गेले, खातं बंद पडलं, खरेदी दिसत नाही, हे सपोर्टचं काम. गोळा आरपार जायला हवा होता पण गेला नाही, हे बग रिपोर्टचं. अमुक टँकचा बीआर जास्त आहे, हे बग नाहीच, तो बॅलन्सचा, म्हणजे वाहनांच्या ताकदीचा समतोल राखण्याचा, मुद्दा. सपोर्टच्या माणसाला टी-३४बद्दल पाचशे शब्द लिहिले तर तो बापडा तयार उत्तर चिकटवणार, यात नवल नाही. गेम सुरूच होत नसेल, तर कुणालाही लिहिण्याआधी स्टीमवरून फाइल्स तपासून घ्या आणि बाहेरून टाकलेले स्किन, आवाज काढून बघा.

माझा पहिला बग रिपोर्ट असा होता: “टायगर बिघडला आहे, लवकर दुरुस्त करा.” दोन दिवसांत बंद झाला. बरोबरच होतं. तोच आज असा लिहीन: “नकाशा अमुक, मॅच सुरू झाल्यापासून ७ मिनिटं १२ सेकंद. ३०० मीटरवरून अमुक गोळा समोरच्या टँकच्या हलच्या बाजूला लागला. हँगरमधल्या तपासणीत हाच कोन हिरवा दिसतो. मॅचमध्ये नुकसान शून्य. तीनपैकी तीन वेळा हेच घडलं. रिप्ले आणि क्लॉग फाइल जोडली आहे.” क्लॉग ही मॅचमधल्या घडामोडींची नोंद, गेमच्या फोल्डरमध्येच लॉगच्या फोल्डरात साठते. डेव्हलपरला तुमचा संताप पुन्हा घडवून बघता येत नाही; सात मिनिटं बारा सेकंद बघता येतात.

चिलखताची जाडी किंवा टरेट फिरण्याचा वेग ऐतिहासिकदृष्ट्या चुकला आहे असं म्हणायचं असेल तर पुरावा लागतो: मॅन्युअल, छापील पुस्तकं. विकिपीडियाचा स्क्रीनशॉट धरत नाहीत. पण पुराव्याच्या नादात कुठवर जायचं यालाही मर्यादा आहे. २०२१मध्ये एका खेळाडूने ब्रिटिश चॅलेंजर २ टँकचं मॉडेल चुकलं आहे हे पटवायला गोपनीय कागद चिकटवले. त्याच वर्षी फ्रेंच लक्लेर्क टँकबाबत तसंच झालं, पुढच्या वर्षी चिनी गोळ्याबाबत. कंपनीने असे कागद काढून टाकले आणि ते वापरणार नाही हेही सांगितलं. म्हणजे टँक होता तसाच राहिला, आणि कागद टाकणाऱ्याच्या मागे लचांड लागलं.

बॅलन्सच्या मुद्द्यावर मी कंपनीची बाजू पूर्ण घेणार नाही. बीआर मुख्यतः आकडेवारीवरून, म्हणजे वाहन प्रत्यक्षात कसं खेळलं जातं त्यावरून ठरतो. यात एक खोट आहे. एखादा अवघड टँक फक्त मुरलेले लोकच खेळत असतील तर त्याचे आकडे फुगतात, तो वर ढकलला जातो, आणि नव्याच्या हातात आला की नुसती शवपेटी. उलट जो प्रीमियम नवखेच जास्त चालवतात, तो चांगला असूनही खाली राहतो. म्हणून एकदा मेल्यावर लगेच मॅच सोडून जाणाऱ्यांचा मला राग येतो. तेही या आकड्यांत भर घालत असतात.

मग ओरडावं का? कधीकधी हो. मे २०२३मध्ये गेमच्या इकॉनॉमीत, म्हणजे मॅचमधली कमाई आणि खर्च यांत, सुचवलेल्या बदलांवरून खेळाडूंनी स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पाडला. कंपनीने ते बदल मागे घेतले आणि सुधारणांचा आराखडा जाहीर केला. तिथे तक्रार सगळ्यांची होती, मुद्दा एक होता आणि मागणी स्पष्ट होती. तुमच्या एका न फुटलेल्या गोळ्यासाठी हा मार्ग चालणार नाही.

बीआर बदलण्याआधी कंपनी प्रस्तावित बदलांचा तक्ता प्रसिद्ध करते आणि त्यावर मतं मागवते. तिथे ‘कचरा टँक’ असं लिहून पळू नका. कोणत्या मोडबद्दल बोलताय, कुठल्या बीआरला कोणता प्रतिस्पर्धी जड जातो, आणि त्याच देशाच्या लाइनअपमध्ये त्या जागी दुसरं काय उरतं, एवढं लिहा. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात: एकटा टँक वर गेला की त्याच्या सोबतचे खालीच राहतात, आणि लाइनअप मोडते.