मेणवलीला जायचं तर अख्खा दिवस काढून जा

महाबळेश्वरला जाता जाता वाईजवळची मेणवली ‘उरकायची’ असेल तर पुढचं वाचू नका. सरळ पाचगणी गाठा आणि स्ट्रॉबेरी क्रीम खा. तिथल्या नदीच्या घाटावर गाडीतून उतरून वीस मिनिटांत फोटो काढून निघून जाणारी मंडळी मला दर वेळी दिसतात. नाना फडणवीसांच्या वाड्यात ती डोकावतही नाहीत.

आमच्या घरी सहलींचं खातं माझ्याकडे. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे यादी केल्याशिवाय मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जाता येत नाही. सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी दावा मांडलेला. नातू नऊ वर्षांचा आणि मधे सगळ्या वयांची माणसं. एवढ्या सगळ्यांना एका दिवसात, रुसवेफुगवे न होता मेणवली दाखवता येते.

ऋतूचं आधी सांगते. दिवाळी झाल्यावर जावं, फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मे महिन्यांत घाटाचा दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आणि पावसाळ्यात तोच दगड शेवाळतो. रविवार टाळता आला तर टाळाच. खंबाटकीच्या घाटात ट्रकांच्या मागे अडकलात की मुलांची भूक आणि मोठ्यांची चिडचिड एकदमच सुरू होते. वाई-मेणवलीत चित्रपट-मालिकांची शूटिंग सतत चालू असतात, त्यामुळे ओळखीतलं कुणी वाईत असेल तर आदल्या दिवशी फोन करून वाडा बघता येईल ना, एवढं विचारून घ्यावं.

पुण्यातून सहाला निघावं. नव्वदेक किलोमीटरचा रस्ता आहे. सातारा रस्त्याने खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वाईकडे वळायचं, आणि वाईतून धोमच्या रस्त्याने तीनेक किलोमीटरवर मेणवली. शिरवळच्या आसपास चहा-नाश्त्याला थांबाल तेव्हा सगळ्यांनी, अगदी ‘मला नाही लागली’ म्हणणाऱ्यांनीसुद्धा, बाथरूमला जाऊन यायचं. वयस्कर बायकांना घेऊन फिरणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

नाना कोण होते हे मुलांना गाडीतच सांगून टाका. वाड्यात पोचल्यावर कुणी ऐकत नाही. खेड-शिवापूरचा टोलनाका गेला की मी गाणी बंद करायला लावते. नाव बाळाजी जनार्दन भानू, मूळ घराणं कोकणातल्या वेळासचं. फडणिशी हे पद, म्हणजे पेशव्यांच्या जमाखर्चाची जबाबदारी. १७६१ साली पानिपतावर होते तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. स्वतः कसेबसे वाचले, आई मात्र तिकडेच हरवली. हे सांगितलं की मागच्या सीटवरचा मोबाइल आपोआप खाली जातो. तोवर कापूरहोळ येतं. तिथून डावीकडे पुरंदरचा रस्ता फुटतो. नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना याच पुरंदरावर जपून ठेवलं होतं, आणि १७७४ च्या एप्रिलमध्ये सवाई माधवरावांचा जन्म तिथेच झाला. बारभाईंच्या, म्हणजे राज्य सांभाळायला एकत्र आलेल्या मुत्सद्द्यांच्या, कारभारात नाना पुढे आले. एवढं पुरे, खर्ड्याच्या लढाईपर्यंत ओढू नका.

मेणवलीत आधी घाट, मग वाडा. सकाळी घाटावर ऊन कोवळं असतं आणि गर्दी नसते. शिवाय मुलांचे पाय मोकळे झाले की ती वाड्यात जरा शांत राहतात. कृष्णेचा हा घाट सरळ रेषेत नाही, चंद्रकोरीसारखा वळवून बांधलाय. ते नीट दिसायचं तर एका टोकाला जाऊन उभं राहावं. घाटावर मेणेश्वर महादेवाचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत. गावातल्या बायका इथे धुणं धुवायला येतात. त्यांच्यासमोर कॅमेरा धरायचा नाही, आणि आपल्या मुलांनी पाणी उडवायचं नाही. पोहणंही नको. वरच्या अंगाला धोमचं धरण आहे आणि पाणी सोडलं की पात्र बघता बघता वाढतं.

देवळाजवळ एका छोट्या दगडी बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. मुलांना काही न सांगता तिच्यावर काय कोरलंय ते शोधायला लावा. बालयेशूला घेतलेली मेरी सापडली की प्रश्न सुरू होतात. ही घंटा १७०७ सालची, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा अशा बऱ्याच घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे.

आता वाडा. मेणवली गाव नानांना १७६८ च्या डिसेंबरात मिळालं, औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून. वाडा, घाट, देवळं नानांनी नंतर बांधली. बाहेरून वाडा गढीच आहे: उंच तट, बुरूज, जाड भिंती. आत सहा चौक. मुलांना चौक मोजायचं काम द्या. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो आणि मग खात्री करायला सगळे पुन्हा फिरतात, आपल्याला तेच हवं असतं.

मी मात्र वाडा बघते तो कचेरी म्हणून. इथले कागद ‘मेणवली दप्तर’ या नावाने प्रसिद्ध आहेत. इतिहाससंशोधक पारसनिसांनी ते मिळवलं आणि पेशवाईच्या अभ्यासकांना खजिनाच सापडला. ज्या माणसाने राज्याच्या पै-पैचा हिशेब ठेवला, त्याने घरातला कागद फेकला नाही याचं मला तरी नवल वाटत नाही. तेव्हा प्रत्येक चौकात एकच विचारायचं: इथे बाहेरच्या माणसाला कुठवर येऊ देत असतील? दाराची उंची, ओसरीची जागा, जिन्याची अरुंदी हे सगळं बघत गेलं की पहिल्या चौकातला माणूस शेवटच्या चौकापर्यंत सहज पोचू नये, अशी रचना मुलांनाही कळायला लागते. वरच्या मजल्यावर भित्तिचित्रं आहेत. तिथे फ्लॅश नको, बोट तर नकोच. जिने अंधारे आणि भिंतीत दडवलेले, म्हणून बॅटरी जवळ ठेवा.

नानांच्या पत्नी जिऊबाई मला इथे हटकून आठवतात. १८०० साली नाना पुण्यात वारले तेव्हा त्या अगदी लहान मुलगी होत्या. पुढच्या आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी इथेच काढली. नानांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण इतकी वर्षं या चौकांतून वावरलेल्या बाईचं नाव वाडा बघून आलेल्यांनाही बऱ्याचदा सांगता येत नाही.

ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांना वर नेण्याचा हट्ट धरू नका. खालच्या ओसरीवर खांबाला पाठ लावून सासूबाई बसतात आणि आमच्यापेक्षा जास्त बघतात. लाकूड सागाचं आहे, जोत्याचा दगड कसा बसवलाय, हे मला त्यांनीच दाखवलं. वाडा खाजगी मालकीचा आहे, तेव्हा कुलूपबंद खोल्यांची दारं हलवून बघू नयेत आणि प्रवेशाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

जेवण घरून न्यावं. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाल भोपळ्याचे घारगे, काकडी. दशम्या दुपारपर्यंत मऊ राहतात. पोळ्यांचं चामडं होतं. दहीभात उन्हात नको. सतरंजी नदीकडे सावलीत पसरा, वाड्यात डबा उघडायचा नाही. उष्टं, पत्रावळी, पिशव्या सगळं परत गाडीत.

दुपारी वेळ उरला तर धोमला जाऊन नृसिंहाचं देऊळ बघता येतं. तिथला कासवाच्या पाठीवरचा नंदी मुलांना आवडतो. सगळे दमले असतील तर सरळ वाईला ढोल्या गणपतीला जा. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. दर्शन झाल्यावर मागे जाऊन गाभाऱ्याची भिंत बघा. पुराचं पाणी दोन्हीकडे फाटावं म्हणून ती माशाच्या आकाराची केलीय.

वाईच्या बाजारात हळद घ्यावी, पण साडेचारच्या आत गाडी काढा. उशीर केलात तर महाबळेश्वरहून उतरणारी गर्दी पसरणीच्या घाटातून तुमच्या पुढे येऊन बसते, आणि मग खेड-शिवापूरच्या रांगेत उरलेले घारगे संपतात.