झोप उडालेल्या रात्री स्तोत्र १३ कसे वाचावे

उद्या ऑपरेशन आहे किंवा रिपोर्ट यायचा आहे. अशा रात्री पवित्र शास्त्र (बायबल) कुठेही उघडून समोरच्या ओळीत उत्तर शोधू नका. वंशावळीचं पान निघालं की धीर आणखी खचतो. त्यातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ काढा. सहाच वचनं, दोन-दोनांचे तीन भाग.

वचनं १-२ ओठ हलवून वाचा. अजून किती काळ, असं देवाला ४ वेळा विचारलं आहे. बहुतेकांचं इथेच चुकतं. भीती वाटणं म्हणजे अविश्वास, असं समजून ते हा भाग गाळतात आणि थेट आभार मानू लागतात. मग तोंडात स्तुती आणि मनात बायोप्सी. भीती नाव घेऊन सांगा: ‘गाठ कॅन्सरची निघेल असं वाटतंय.’

३-४ मागण्याची वचनं. आजच्या रात्रीपुरतं एकच मागा. ‘बरं केलंस तर अमुक करीन’ हा सौदा नको.

५-६ मध्ये सूर बदलतो. संकट टळल्याचं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. आधार आहे तो देवाच्या दयेचा. तो पक्का करायला स्तोत्र १३६ घ्या. त्याची २६ वचनं ‘त्याची दया सनातन आहे’ याच शब्दांवर संपतात. घरात दोघं असाल तर एकाने वचन वाचावं, दुसऱ्याने हे शब्द म्हणावेत. १० ते २२ मध्ये मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएल लोकांची सुटका, तांबडा समुद्र, पाडाव झालेले राजे. तिथे थांबून आपल्या घरच्या तीन-चार ओळी घाला: ‘२०२० साली पगार थांबला, चूल थांबली नाही, त्याची दया सनातन आहे.’ घडलेलंच घाला, इच्छा नव्हे. मग २३ पासून पुढे.

देव सांभाळील अशी हमी देणारं स्तोत्र ९१ ताईतासारखं वापरू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिरावरून उडी मारायला सांगतो, तेव्हा याच स्तोत्राचा दाखला देतो! छातीत कळ, दरदरून घाम असेल तर आधी १०८ ला फोन.

एवढं करूनही मन सुन्नच राहिलं तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरी शास्त्रात आहे. आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) कुणाला तरी उठवा. ‘प्रार्थना करा’ असा मेसेज टाकून न थांबता फोन लावा, स्तोत्र त्यांना वाचू द्या, तुम्ही नुसतं ऐका.