सेल्फ फिरतोय पण गाडी स्टार्ट घेत नाही? आधी मीटरवरचा दिवा बघा

चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या माटोळीचं सामान घ्यायला अर्धं पेडणं आणि अख्खं बार्देश उतरलेलं असतं. अशाच एका दुपारी मांद्र्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. डिकीत केळीचा घड, आंबाडे, सुपारीचे घोस, मागच्या सीटवर आई, आणि गाडी स्टार्ट घेईना. सेल्फ चांगला फिरतोय, इंजिन सेकंदभर पकडतं आणि विझतं. चौघांनी धक्का मारून झाला होता. कुणीतरी बाटलीत पेट्रोलही आणलं होतं.

मी विचारलं, "मीटरवर गाडीचं चित्र आणि त्यात चावी, असा दिवा लुकलुकतोय?"

"होय."

"चावीला काही केलं हल्ली?"

"काही नाही हो. कव्हर तेवढं बदललं काल."

बस्स. जुनं कव्हर घरी कचऱ्याच्या बादलीत होतं आणि चिप त्यातच राहिली होती. भाऊ स्कूटरवरून ते घेऊन आला, चिप लॉकच्या कडेला धरली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

चावीच्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तू असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक रिमोटची पट्टी, ती सेलवर चालते आणि दरवाजे उघडते. दुसरी इमोबिलायझरची, म्हणजे परक्या चावीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची चिप. कधी ती तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कांडी असते, कधी काळा चपटा तुकडा. काही चाव्यांत पट्टीवरच बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. चावी ऑन केली की लॉकभोवतीची कॉइल, आम्ही तिला रिंग म्हणतो, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र तयार करते. त्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिनाला पेट्रोल आणि स्पार्क देतो. काही गाड्यांत सेल्फसुद्धा फिरत नाही. म्हणून इथं धक्क्याचा उपयोग नाही, आणि रिमोटने दरवाजा उघडला म्हणजे चिप ठीक आहे असंही नाही.

तर पहिली तपासणी फुकटची. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, दिव्याकडे बघा. दोन-तीन सेकंद लागून विझला तर चावी ओळखली गेली. दोष पंप, फ्यूज, क्रँक सेन्सर असा दुसरीकडे शोधा. लुकलुकत राहिला किंवा विझलाच नाही तर इमोबिलायझर. चिन्ह गाडीगणिक बदलतं, पुस्तिकेत पाहून घ्या. बंद, लॉक केलेल्या गाडीत तोच दिवा हळू लुकलुकतो तो चोराला दाखवायला. त्यासाठी मला रात्री साडेअकराला उठवू नका. उठवतात म्हणून सांगतोय.

ही तपासणी मी मार खाऊन शिकलो. धंद्यात नवा असताना एका जुन्या हॅचबॅकचा आजार पंपाचाच, असं धरून मागची सीट काढली, नवा पंप बसवला. गाडी तशीच ढिम्म. दिवा सगळा वेळ लुकलुकत होता आणि मी हात पुसायचं फडकं मीटरवर टाकून ठेवलेलं. पंपाचे पैसे माझ्या खिशातून गेले.

दिवा लुकलुकत असला तरी लगेच काही उघडू नका, बॅटरी मोजा. चार्ज भरलेली, आराम घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीच म्हातारी झालीय. व्होल्टेज पडलं की चांगली चावीसुद्धा वाचली जात नाही, आणि माणूस इमोबिलायझरच्या बिचाऱ्या डब्याला दोष देत बसतो.

मग चाव्या. जुडग्यातून गाडीची चावी एकटी काढा. दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी तिला चिकटून असेल तर रिंगला दोन आवाज एकदम ऐकू येतात. नवरा-बायकोच्या दोन गाड्या आणि एकच जुडगा, हे दुखणं मी कितीदा पाहिलंय. चावी काढून मिनिटभर थांबा, परत घाला. नाही जमलं तर कपाटातली दुसरी चावी आणा. तिने सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी नाही झाली तर रिंग, वायर किंवा डबा.

बटणवाल्या गाडीत चावीचा सेल गेला असेल तर चावीच बटणाला टेकवून बटण दाबा, बऱ्याच गाड्या तशा सुरू होतात. काहींत वेगळी जागा दिलेली असते.

आमच्याकडचा खास रोग म्हणजे समुद्र. मोरजीला, आश्व्याला चड्डीच्या खिशात चावी घेऊन पाण्यात उतरतात आणि मग चावी उन्हात वाळत घालतात. मीठ आतच राहतं आणि पट्टी खाऊन टाकतं. सेल लगेच काढा, चावी उघडून साध्या पाण्याने धुवा, मग वाळवा. रिमोट मेला तरी काचेची चिप बहुतेक वेळा जगते.

खाऱ्या हवेचा त्रास रिंगच्या कपलरलाही, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगलाही होतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडं थांबा, मग स्टिअरिंगखालचं कव्हर खोला. पिवळ्या कपलरना हात लावायचा नाही, ते एअरबॅगचे. रिंगचा कपलर काढून पिना बघा. हिरवट चढलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दोन-तीनदा काढून-घालून परत घट्ट बसवा. दोनच वायरची रिंग असेल तर मल्टीमीटर लावा. काही ओहम दाखवले तर तार अखंड, काहीच नाही दाखवलं तर तुटलेली. जास्त वायरी असतील तर आत सर्किट असतं, तिथं ओहम मोजून काही कळत नाही. पावसात गाडी माडाखाली आठवडाभर उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधा.

एवढं करून भागलं नाही तर स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. पी०५१३ म्हणजे चावी चुकीची ठरली, पी०६३३ म्हणजे ईसीएमला चावी शिकवलेलीच नाही, यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या डब्याशी बोलणं तुटलंय. हा शेवटचा आला तर डबा मागवण्याआधी त्याचा फ्यूज आणि अर्थिंग बघा. मोबाइलला जोडायचं स्वस्त यंत्र बहुधा इंजिनापुरतंच वाचतं, त्यात काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

भंगारातला ईसीएम नुसता आणून बसवू नका. तो आपल्या जुन्या गाडीची ओळख घेऊन येतो, तुमची चावी त्याला परकीच. चावी शिकवताना लागणारा पिन कोडही अंदाजाने घालत बसू नका, काही डबे चुकीच्या कोडनंतर ठरावीक वेळ कुलूपबंद होतात. आणि "इमोबिलायझर कायमचा काढून दे" म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

नवी चावी करायला याल तेव्हा आरसी, ओळखपत्र आणि घरातल्या सगळ्या चाव्या आणा. काही गाड्यांत नवी शिकवताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात. मग कपाटात राहिलेली चावी दरवाजा उघडेल, पण इंजिन तिला ओळखणार नाही.