कोंबड्यांच्या जाळीत रेती टाकायचीय? मग जाडच घ्या

घराच्या मागं जाळी लावून चार-पाच कोंबड्या पाळल्या असतील तर खाली रेती टाकलेली बरी, पण प्लास्टरची बारीक रेती अजिबात नका घेऊ. आम्ही पहिल्यांदा बांधकामातून उरलेली तीच टाकली होती, उन्हाळ्यात कोंबड्यांनी उकरलं की नुसता धुरळा आणि पहिल्याच पावसात त्याचा असा चिखल झाला की पायाच्या बोटांमध्ये गोळे चिकटून बसले, पाहवत नव्हतं हो. ती धूळ त्यांच्या श्वासात जाते, ते फार वाईट.

नागपूरजवळच्या कन्हान नदीची, स्लॅबच्या काँक्रीटला वापरतात ती जाड, धुतलेली रेती मागा, बारीक खडे असले तरी चालते, उलट कोंबड्या ते टिपतात आणि पोटात दाणे दळायला कामी येतात. क्रशरची, म्हणजे दगड फोडून केलेली रेती टाळा, तिच्यात भुकटी लय असते.

घेण्याआधी टेस्ट करा, पाण्याच्या बाटलीत एक तृतीयांश रेती टाका, वर पाणी भरून जोरात हलवा न् तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती गाडी परत पाठवा.

आधी जमीन थोडी उंच करून उतार द्या, मग ४ ते ६ इंच रेती. रोज सकाळी जाळीच्या झाऱ्यानं विष्ठा उचलायची, ओली राहिली की वास येतोच. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो तेव्हा उघडी रेती पाय भाजेल इतकी तापते, म्हणून वरून ग्रीन नेट बांधाच.