पीएसए वाढला? कर्करोगच आहे असे समजण्याआधी या चुका टाळा

पीएसए हे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचे प्रथिन आहे, ते रक्तात मोजतात. ते केवळ कर्करोगातच वाढते असे नाही. वयामुळे वाढलेली साधी ग्रंथीही ते जास्त सोडते. म्हणून दर मिलीला ४ ते १० नॅनोग्रॅम या पट्ट्यात नुसत्या एका आकड्यावर निदान करू नये.

पहिली चूक वेळेची. लघवीला जळजळ होतेय, ताप आहे, आणि चवथीला पाहुणे येण्याआधी 'तपासून टाकू' म्हणून रक्त दिले जाते. संसर्गात पीएसए कितीही चढतो. संसर्ग बरा झाल्यावर, लघवी तुंबून नळी घातली असेल तर ती काढल्यावर, किंवा बायोप्सीनंतर (ग्रंथीचा तुकडा काढून तपासल्यावर) किमान सहा आठवडे थांबा. वीर्यस्खलन आणि लांबची सायकल दोन दिवस आधी टाळा.

सर्वांत घातक चूक गोळ्यांची. वाढलेली ग्रंथी आकसवणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर पीएसए जवळपास निम्मा होतो. अहवालात २.८ दिसले तर ते ५.६ धरा. लघवी मोकळी करणाऱ्या टॅमसुलोसिनने असे होत नाही, पण पुष्कळदा ते आणि वरच्यापैकी एक औषध एकाच गोळीत असतात. म्हणून पाकीट बरोबर न्या. केस गळतात म्हणून घेतलेली फिनास्टेराइडही सांगा.

पुढे फ्री पीएसए, म्हणजे रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेला मोकळा पीएसए. एकूण ६ आणि फ्री १.५ असेल तर प्रमाण २५ टक्के, म्हणजे साध्या वाढीची शक्यता जास्त, फ्री ०.५ असेल तर ८ टक्के, तिथे कर्करोगाचा संशय बळावतो. मात्र फ्री पीएसए नाजूक असतो. गोव्यात काणकोण किंवा वाळपईत घेतलेले रक्त तसेच मडगाव-पणजीकडे निघाले तर वाटेत तो घटतो, आणि निरोगी माणसाचे प्रमाणही घाबरवणारे दिसते. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) तीन तासांच्या आत वेगळे करून थंड ठेवतात का, हे रक्त देण्याआधीच विचारा. फ्री आणि एकूण दोन्ही एकाच नमुन्यातून, एकाच यंत्रावर व्हायला हवेत. फेरतपासणीही त्याच प्रयोगशाळेत करा. पद्धत बदलली की आकडा हलतो.

सोनोग्राफीतला ग्रंथीचा आकारही जोडा: पीएसएला त्याने भागले की घनता मिळते. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिली, तर घनता ०.१०, तोच ६ आणि ग्रंथी ३० मिली, तर ०.२०. ही घनता ०.१५ च्या वर गेली की एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि डॉक्टरांना गुदद्वारातून बोटाने तपासताना ग्रंथीत कडक गाठ लागली, तर पीएसए ३ असला तरी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जाणे लांबवू नका.