अभिजात साहित्यातला परंपरावाद कसा वाचावा

आधी एडमंड बर्क काढा, म्हणजे परंपरेची बाजू घेणारा अठराव्या शतकातला ब्रिटिश विचारवंत. पण पहिल्या पानाआधी साल बघा. फ्रेंच क्रांतीवरचं त्याचं पुस्तक १७९० चं, राजाचा शिरच्छेद १७९३ चा. म्हणजे हा माणूस नंतरचा रक्तपात बघून शहाणा झालेला नाही.

मग सोफोक्लीसचं ग्रीक नाटक ‘अँटिगनी’ घ्या. त्यात राजा क्रेऑन अँटिगनीच्या भावाला पुरायला मनाई करतो, आणि ती हुकूम मोडते. मी समासात पेन्सिलीनं खुणा करते: देवांचा अलिखित कायदा आला की ‘द’, राज्याची शिस्त आली की ‘श’. पहिल्या वाचनात मला क्रेऑनच परंपरावादी वाटला होता. खुणा बघितल्यावर गडबडले. भावाला मूठमाती देणारी ती अँटिगनीच जास्त जुनी निघाली!

शेक्सपिअरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ नाटकातल्या युलिसीसचं, समाजात प्रत्येकाची पायरी ठरलेली हवी असं सांगणारं उतरंडीवरचं भाषण मात्र जपून वाचा. बोलणारा पक्का कावेबाज आहे. त्याचं मत नाटककाराच्या नावावर खपवू नका.