अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी आल्यावर

आधी वयाचा हिशोब. बाळ ३२ आठवड्यांत जन्मलं असेल तर पूर्ण दिवसांच्या ४० आठवड्यांमधून ३२ वजा करा. ८ आठवडे, म्हणजे साधारण दोन महिने. अशा पाच महिन्यांच्या बाळाकडून तीन महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवा. दोन वर्षांपर्यंत असंच मोजा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

पोटावर पालथं ठेवण्याचा सराव बाळ जागं असताना, दूध पाजून किमान अर्धा तास झाल्यावर. सुरुवात आईच्या छातीवर, मिनिटभर पुरे. ऑक्सिजन किंवा नळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खेळवताना बाळाचे हात बघा: बोटं ताठ फाकली, नजर वळवली, उचकी-जांभया सुरू झाल्या म्हणजे ते थकलंय. खुळखुळा बाजूला ठेवा, हातपाय छातीशी जुळवून शांत धरा. बाळ दाद देत नाही म्हणून अजून वाजवत बसणं, ही नेहमीची चूक. ओठ निळसर झाले किंवा श्वास अडखळला तर थेट दवाखाना.

झोपताना कायम पाठीवर. मालिशवालीला जोर लावू देऊ नका. नाकाकानात तेल नकोच. वॉकरही नको.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत, फारच लवकर जन्मलेल्यांची त्याहून आधी. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. कानांची पहिल्या महिन्यात. पुढचे व्यायाम जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) मोफत शिकवतात. डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.